खोड हलवल्याशिवाय खजूर पडत नाही

रमजानच्या पहिल्या आठवड्यात मशिदीत पाय ठेवायला जागा नसते. तरावीहच्या नमाजसाठी मुले, तरुण, म्हातारे सगळे वेळेआधी येतात. दहावा-बारावा रोजा उलटला की मागच्या रांगा हळूहळू विरळ होऊ लागतात. मग एकदम सत्ताविसाव्या रात्री पुन्हा तीच गर्दी. हे चित्र दरवर्षीचे आहे आणि जवळजवळ प्रत्येक गावचे आहे.

मधल्या दिवसांत न येणाऱ्यांची कारणे निरनिराळी असतात. कोणाच्या दुकानात ईदचा सीझन असतो, कोणाची रात्रपाळी असते. पण एक कारण असे आहे की ते ऐकून थोडे थांबावेसे वाटते. "दोन दिवस चुकली हो तरावीह. आता अर्धवट कशाला? पुढच्या वर्षी पहिल्यापासून करू."

हे वाक्य फक्त मशिदीच्या दारात ऐकू येत नाही. एक जानेवारीला सुरू केलेली डायरी सहा तारखेला कोरी राहिली की ती वर्षभर कोरीच राहते. डॉक्टरांनी सांगितलेले सकाळचे फिरणे पावसाने चार दिवस बंद पडले की कायमचे बंद पडते. चातुर्मासात धरलेला नेम एकदा मोडला की "आता काय उपयोग" म्हणून सोडून दिला जातो. माणसाचा धर्म कोणताही असो, मन मात्र सगळीकडे हीच पळवाट शोधते. पूर्ण होत नसेल तर काहीच नको.

या ताठर विचाराला एक जुळी बहीण आहे. तिचे नाव आत्मदया. "आपल्याच नशिबी हे का?" हा तिचा आवडता प्रश्न. ताठर विचार सांगतो की सगळे असेच व्हायला हवे होते. तसे झाले नाही की आत्मदया येऊन शेजारी बसते आणि म्हणते, "बिचारा तू!" दोघी मिळून माणसाला ओट्यावर बसवून ठेवतात. प्रत्येक गल्लीत असा एखादा ओटा असतो आणि त्यावर बसून पंधरा वर्षांपूर्वीच्या अन्यायाची तीच कहाणी रोज नव्याने सांगणारा एखादा माणूसही असतो. त्याची कहाणी खोटी नसते. भागीदाराने खरेच फसवलेले असते, भावाने खरेच हिस्सा दाबलेला असतो. पण ऐकणारे बदलत गेले, पोरे मोठी झाली, आणि कहाणी सांगणारा मात्र त्याच दिवशी अडकून पडला.

रमजानचा महिना या दोन्ही बहिणींना घराबाहेर काढण्यासाठी आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

प्रत्येक रोजा वेगळा

रोजाची रचनाच पाहा. महिनाभराचे उपवास असले तरी ते एकगठ्ठा नसतात. दररोज पहाटेपूर्वी सहरी, दररोज नवी नियत म्हणजे संकल्प, आणि दररोज सूर्यास्ताला इफ्तार. कालचा रोजा सुटला म्हणून आजचा बाद होत नाही. सुटलेला रोजा रमजाननंतर भरून काढता येतो, त्याला कजा म्हणतात. एखाद्याने विसरून पाणी प्यायले किंवा काही खाल्ले, तर आठवताच थांबावे आणि रोजा पुढे चालू ठेवावा, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. चूक झाली म्हणून दिवस फेकून द्यायचा नाही.

आजारी आणि प्रवासी यांना कुरआनने सवलत दिली आहे. त्यांनी नंतर सवडीने रोजे पूर्ण करावेत. ज्यांना वयामुळे किंवा न बऱ्या होणाऱ्या आजारामुळे ते कधीच शक्य नाही, त्यांनी एका रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. याला फिदिया म्हणतात. विशेष म्हणजे ही सवलत कुठे दूरच्या तळटीपेत नाही. रोजे फर्ज केल्याचा आदेश कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात ज्या ठिकाणी येतो, त्याच ठिकाणी अल्लाहला तुमची सोय हवी आहे, अडचण नको, हेही सांगितले आहे.

तरीही दरवर्षी मधुमेहाचे किंवा किडनीचे रुग्ण डॉक्टरांचा सल्ला बाजूला सारून रोजे धरतात आणि सलाइन लावून घेण्याची वेळ आणतात. "चाळीस वर्षांत एक रोजा सोडला नाही," हा त्यांचा अभिमान असतो. भावना समजण्यासारखी आहे. पण ज्याने रोजा सांगितला त्यानेच सवलतही सांगितली. एक आदेश मानायचा आणि दुसरा नाकारायचा, याला भक्ती म्हणावे की हट्ट, याचा विचार घरच्यांनी आणि त्या बुजुर्गांनी शांतपणे करायला हवा. त्या पैशातून एखाद्या मजुराच्या घरी रोज ताट पोचले, तर तेही इबादतच आहे.

अल्लाहला सर्वांत प्रिय काय, याविषयी हजरत आयेशा (र.) यांच्याकडून आलेली हदीस प्रसिद्ध आहे. जे काम सातत्याने होते ते, मग ते थोडे का असेना, असा तिचा आशय आहे. आपल्याकडे म्हणतात ना, थेंबे थेंबे तळे साचे. अरबस्तानच्या वाळवंटात आणि महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात थेंबाची किंमत सारखीच कळलेली दिसते.

खजुराच्या झाडाखाली

इफ्तारच्या वेळी पहिला घास खजुराचा असतो. या खजुराशी कुरआनमधला एक प्रसंग जोडलेला आहे. तो हजरत मरियम (अ.) यांचा, म्हणजे ख्रिस्ती बांधव ज्यांना मेरी माता म्हणतात त्यांचा. कुरआनचा एकोणिसावा अध्याय त्यांच्याच नावाचा आहे.

मरियम एकट्या आहेत. गावापासून दूर आल्या आहेत. लोक काय बोलतील याची धास्ती आहे आणि प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आहेत. त्या एका खजुराच्या खोडाचा आधार घेतात. त्या वेळी त्यांच्या तोंडून निघते की, याआधीच मरण आले असते आणि जगाला आपला विसर पडला असता तर बरे झाले असते. माणूस खचल्यावर जे बोलतो तेच. कुरआनने हे बोल झाकून ठेवलेले नाहीत आणि त्याबद्दल मरियमना दोषही दिलेला नाही.

मग खालून आवाज येतो. दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा वाहतो आहे. आणि पुढे सांगितले जाते की हे खोड स्वतःकडे हलव, ताजे पिकलेले खजूर तुझ्यावर पडतील. ते खा, पाणी पी, डोळे निववून घे. कोणी माणूस दिसला तर आज मौनाचे व्रत आहे असे कळव.

ज्यांनी खजुराचे झाड जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की ते खोड हलवणे पहिलवानाचेही काम नाही. इथे तर कळा सोसणारी स्त्री आहे. जो झरा देऊ शकतो, तो खजूर सरळ हातात देऊ शकला नसता का? दिले असते. पण मरियमना हात लावायला सांगितले गेले. फळ पाडण्याइतकी शक्ती त्यांच्याकडे नव्हती, आणि तेवढी मागितलीही गेली नाही. मागितला गेला फक्त हात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकांच्या प्रश्नांना कसे तोंड द्यायचे, हा मरियम यांचा मोठा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्या घटकेला दिले गेले नाही. आधी खाणे, पिणे, शांत होणे, आणि आजच्या दिवसापुरते न बोलणे, एवढेच सांगितले गेले. मोठ्या संकटात सापडलेल्या माणसाला आयुष्याचा आराखडा लागत नाही, पुढचा एक तास लागतो. त्यानंतरच मरियम बाळाला घेऊन आपल्या लोकांसमोर उभ्या राहिल्या.

दोन दिरहमची कुऱ्हाड

दुसरा प्रसंग प्रेषितांच्या मदिनेतला. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात तो आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषितांकडे मदत मागायला आले. प्रेषितांनी विचारले, घरात काहीच नाही का? ते म्हणाले, एक जाड कापड आहे, त्याचा काही भाग अंगावर घेतो आणि काही अंथरतो. आणि पाणी प्यायचा एक वाडगा आहे.

प्रेषितांनी दोन्ही वस्तू मागवल्या आणि लोकांसमोर लिलाव केला. एकाने एक दिरहम सांगितला. "आणखी कोण देतो?" असे पुन्हा पुन्हा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिरहमला त्या घेतल्या. ते पैसे त्या गृहस्थांच्या हाती देऊन प्रेषितांनी सांगितले की, एका दिरहमचे घरच्यांसाठी धान्य घ्या आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणा. कुऱ्हाड आल्यावर प्रेषितांनी स्वतःच्या हाताने तिला दांडा बसवला. लाकडे तोडा, विका आणि पंधरा दिवस इकडे दिसू नका, असे सांगून पाठवले. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ परत आले तेव्हा त्यांच्याकडे दहा दिरहम होते.

या कथेत उपदेशाचे एकही मोठे भाषण नाही. "तुझे दैव खोटे नाही" अशी समजूत नाही, आणि "आळशी आहेस" असा टोमणाही नाही. घरात काय नाही याची यादी तो माणूस घेऊन आला होता, त्याला काय आहे ते विचारले गेले. आणि मदत झाली नाही असेही नाही. दांडा बसवून देणारे हात प्रेषितांचे होते. खचलेल्याला नुसते "उठ, कामाला लाग" म्हणणारे पुष्कळ भेटतात, दांडा बसवून देणारे थोडे. जकात काढताना, म्हणजे शिल्लक संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरिबांना देताना, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दहा-दहाच्या नोटा वाटत दारात रांग लावण्यापेक्षा एका विधवेला शिलाई मशीन किंवा एका तरुणाला हातगाडी घेऊन दिली, तर पुढच्या वर्षी ती व्यक्ती त्या रांगेत नसेल.

दुःख वेगळे, आत्मदया वेगळी

इथे एक गैरसमज व्हायला नको. रडू नका, दुःख करू नका, असे धर्म सांगत नाही. हजरत याकूब (अ.) यांचा लाडका मुलगा यूसुफ हरवला. रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले, असे कुरआन सांगते. घरच्यांनी टोकले तेव्हा ते म्हणाले की, मी माझे दुःख अल्लाहपुढेच मांडतो. पण त्यापाठोपाठ त्यांनी मुलांना सांगितले की, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, निराश होऊ नका. इतकी वर्षे लोटल्यावरही त्यांनी शोध थांबवला नाही. डोळ्यांत पाणी आणि पाय वाटेवर, हे दुःख. डोळ्यांत पाणी आणि पाय घडी घालून, ही आत्मदया.

मोठमोठ्या विद्वानांनाही या अवस्थेतून जावे लागले आहे. इमाम गजाली हे बगदादच्या निजामिया मदरशातले नामांकित अध्यापक. इ.स. 1095 मध्ये त्यांच्यावर असे मानसिक संकट आले की वर्गात बोलायला जीभ वळेना आणि अन्न घशाखाली उतरेना. अखेर ते पद आणि प्रतिष्ठा सोडून बाहेर पडले. ही हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. पुढे त्यांच्या विख्यात ग्रंथात त्यांनी सुलेखनकाराचा दाखला दिला. ज्याचे अक्षर सुंदर नाही त्याने सुंदर अक्षर हाताने पुन्हा पुन्हा गिरवत राहावे, एके दिवशी ती कला त्याचा स्वभाव बनते. चांगुलपणाचेही तसेच. आधी हात वळतो, मग मन.

विसाव्या शतकातले मानसशास्त्र वेगळ्या वाटेने याच ठिकाणी आले. "सगळे किंवा काहीच नाही" अशा विचारपद्धतीचा नैराश्याशी असलेला संबंध अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी दाखवला. 1970च्या दशकात पीटर लुइन्सन यांनी उदास रुग्णांसाठी दैनंदिन कृतींवर आधारलेली उपचारपद्धती पुढे आणली. मन ताजेतवाने होण्याची वाट पाहू नका, आधी अंघोळ करा, दारापर्यंत चाला, एकाला फोन करा, असा तिचा रोख आहे. मात्र एक सावधगिरी हवी. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगण्याची इच्छा नाही, अशी अवस्था ही आत्मदया नव्हे, तो आजार आहे. तिथे उपदेश नको, डॉक्टर हवेत. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मिळते. डॉक्टरकडे जाणे हेही खोडाला हात लावणेच आहे.

समाजाचाही ओटा असतो

जे एका माणसाचे तेच समाजाचे. मुस्लिम मोहल्ल्यात रमजान आला की दोन वाद हमखास निघतात. चंद्र दिसला की नाही, आणि तरावीहच्या रकाती आठ की वीस. दोन्ही बाजूंना जुन्या विद्वानांचा आधार आहे, हे दोन्ही बाजूंना माहीत असते. तरी आवाज चढतात. त्याच वेळी शेजारच्या घरातला मुलगा दहावीनंतर कोणता फॉर्म भरायचा हे विचारायला कोणी मिळत नाही म्हणून गॅरेजमध्ये कामाला लागतो. त्याच्याविषयी वाद होत नाही.

"आमचे कोणी ऐकत नाही, आमच्या वाट्याला काही येत नाही," ही तक्रार मोहल्ल्यात सतत कानी पडते. तक्रारीत तथ्य आहे. सच्चर समितीचा 2006चा अहवाल आणि महाराष्ट्रातला महमूद-उर-रहमान समितीचा अहवाल यांनी मागासलेपणाचे वास्तव कागदावर आणलेले आहे. त्यासाठी सनदशीर मार्गाने बोलत राहिलेच पाहिजे. पण अहवाल हातात घेऊन ओट्यावर बसून राहिल्याने अहवालातला आकडा बदलत नाही. संध्याकाळी एक तास मशिदीच्या ओसरीत मुलांचा अभ्यास घेणे, मुलींची शाळा सुटू न देणे, कागदपत्रे वेळेत दुरुस्त करून घेणे, ही खोडाला हात लावण्याची कामे आहेत. परवानगी मागावी लागत नाही आणि निधीही लागत नाही.

तक्रारीचा हा ओटा एकाच मोहल्ल्यात नाही. आज जवळपास प्रत्येक जातीला आणि धर्माला आपणच सर्वांत बिचारे वाटू लागले आहे. प्रत्येकाकडे आपल्या जखमांची यादी आहे, शेजाऱ्याच्या जखमांची कोणाकडेच नाही. या मातीने मात्र वेगळी माणसे पाहिली आहेत. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातल्या रोजच्या कामातच विठ्ठल पाहिला. वारकरी आळंदीहून पंढरपूरला पोचतो तो एका उडीत नाही, रोजच्या मुक्कामाने.

एक सलाम

अशा छोट्या कृतींमध्ये सर्वांत छोटी आणि सर्वांत जड कृती कोणती? सलाम. एका मुसलमानाने दुसऱ्याशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये, आणि दोघांत जो आधी सलाम करील तो श्रेष्ठ, अशी प्रेषितांची शिकवण आहे. इथे तीन दिवस सांगितले आहेत. आपल्याकडे सख्खे भाऊ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना तीन-तीन वर्षे न बोलता राहतात. भिंतीपलीकडून सहरीच्या भांड्यांचा आवाज येतो, मुलाचा खोकला ऐकू येतो, आणि तरी "त्यानेच आधी यावे" हा हेका सुटत नाही. प्रत्येक जण आपापल्या घरात बरोबर असतो, आणि आई दोन्ही घरांच्या मधोमध रडत असते.

वाटणीचा वाद एका सलामने मिटत नाही. तो वकील, तलाठी आणि मोजणीनेच मिटेल, किंवा मिटणारही नाही. पण सलामला सातबारा लागत नाही. इफ्तारच्या दहा मिनिटे आधी झाकलेली एक थाळी मुलाच्या हाती पलीकडे पाठवायला कोर्टाची तारीख लागत नाही. थाळी परत आली तर आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवता येते. रोजा जसा रोज नव्याने धरायचा असतो, तसेच हेही.

रमजानचे अजून काही दिवस हातात आहेत. ज्याची तरावीह सुटली त्याने आज रात्री जावे, मागच्या रांगेत जागा आहे. ज्याचे कुरआनपठण पाचव्या पाऱ्यावर अडले त्याने आज एक पान वाचावे. ज्याला रोजा झेपत नाही त्याने कोणाचे तरी ताट भरावे. ज्यांचा रमजानशी संबंध नाही त्यांनी कपाटातली ती सहा जानेवारीला थांबलेली डायरी काढावी आणि आजची तारीख टाकून एक ओळ लिहावी.

आज संध्याकाळी मगरिबची अजान होईल, आणि घराघरांत हात खजुराकडे जाईल. त्या वेळी एका एकट्या, घाबरलेल्या आईची आठवण ठेवावी. तिने न हलणाऱ्या खोडाला हात लावला होता. अल्लाह सर्वांना तेवढी हिंमत देवो. आमीन.